पर्यायी व्यवस्था होईपर्यंत

विद्यापीठात तिला नावानं हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी सगळ्यांसाठी ती साइटबाई. "साइटबाईंना सांगा", "साइटबाईंकडे पाठवा", "साइटबाई जागेवर नाहीत का, मग बसा बाहेर." एकदा पगारपत्रकावरचं तिचं खरं नाव वाचून नवीन लिपिकानं विचारलं होतं, "ह्या कोण?" आणि त्याच्या शेजारचा म्हणाला होता, "अरे, साइटबाई!"

ती इथं लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि तिचं काम होतं प्रवेशाच्या खिडकीत बसून अर्जांवर शिक्के मारणं. विद्यापीठाची वेबसाइट बाहेरच्या कुणा माणसानं करून दिलेली होती आणि तो माणूस आपला मोबाइल नंबर बदलून गायब झाला होता. एका सकाळी वेळापत्रकात बदल झाला, तो साइटवर टाकायचा होता, आणि कुणालाच टाकता येईना. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी खिडकीशी येऊन विचारलं, "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना?"

ती म्हणाली, "थोडा येतो."

त्या दोन शब्दांवर तिची सतरा वर्षं गेली.

तिला खोली मिळाली दुसऱ्या मजल्यावर, परीक्षा विभाग आणि स्वच्छतागृह यांच्या मधली. पूर्वी तिथं जुन्या फायली होत्या. खिडकी होती, पण ती इमारतीच्या पोटातल्या चौकोनी पोकळीत उघडायची, जिथं पाण्याचे पाइप आणि पारव्यांचे संसार याशिवाय काही दिसत नसे. त्याच खोलीत सर्व्हर ठेवला होता. सर्व्हर तापू नये म्हणून एसी, आणि एसीचा झोत नेमका तिच्या मानेवर. बाहेर लोक घामानं भिजलेले असताना ती स्वेटर घालून बसायची. सर्व्हरची काळजी घ्यायला वर्षातून दोनदा माणूस यायचा. तो तिला "जरा उठता का" म्हणायचा, काम करायचा आणि निघून जायचा.

ती शिकली ते सगळं चाचपडत. कुणाच्या तरी साइटवरचा तुकडा उचलायचा, इथं चिकटवायचा, चालला तर देवाचे आभार मानायचे. तिचा एकच नियम होता: चाललं की हात लावायचा नाही. अर्ज भरण्याच्या पानामागं एक लांबलचक फाइल होती. ती नेमकं काय करते हे तिला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. पण ती काढली की अर्ज जात नसे, एवढं माहीत होतं. विचारायचं कुणाला? विद्यापीठात संगणकशास्त्राचे मोठमोठे प्राध्यापक होते. एकदा धीर करून ती त्यांच्यातल्या एकांकडे गेली, तर ते हसून म्हणाले, "अहो, हे आमच्या विषयात येत नाही. हे तुमचं."

आणि खरंच, ते सगळं तिचंच होऊन बसलं. रजा टाकली की फोन. आजारी पडली की फोन. मुलीच्या शाळेत पालकसभेत बसली असताना फोन. नवरा पाणी शुद्धीकरण केंद्रावर पाळीनं काम करायचा. तो म्हणायचा, "आमच्याकडे तर एवढ्या मोठ्या पंपालासुद्धा जोडीला दुसरा पंप असतो. तुला नाही?" ती हसायची. पण तो असं म्हणाला की तो दुसरा पंप दिवसभर तिच्या डोक्यातून जात नसे.

मग तिची आई पडली.

आई चार तासांच्या अंतरावरच्या गावात एकटी राहायची. न्हाणीघरात पाय सटकला आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी परीक्षेचे निकाल लागायचे होते. ती कुलसचिवांकडे गेली. विद्यापीठाचा सगळा कारभार ज्यांच्या सहीनं चालतो ते हे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. तो लगेच म्हणाला, "जा ना, जा! आई आहे. विचारायचं काय त्यात?" ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, "फक्त लॅपटॉप तेवढा न्या बरोबर."

रुग्णालयाच्या व्हरांड्यात चार्जिंगची एकच जागा होती, परिचारिकेच्या टेबलामागं. ती तिथं जमिनीवर बसली. अकरा वाजता निकाल उघडले आणि हजारो मुलं एकदम तुटून पडल्यावर साइटनं मान टाकली. एका कानाला परीक्षा विभाग, दुसरीकडे पडद्यावर लाल अक्षरं. "होईल, होईल, दोन मिनिटं." परिचारिका दोनदा तिला ओलांडून गेली. ते दोन मिनिटांचं काम संपायला पाऊण तास लागला. शेजारच्या बाकावरच्या बाईनं खांदा हलवला तेव्हा ती भानावर आली. "अहो, मघाशी डॉक्टर येऊन गेले. तीनदा विचारलं, पेशंटचं कोण आहे म्हणून. मला काय माहीत तुम्ही आहात!"

संध्याकाळी आई शुद्धीवर आली. कोरड्या ओठांनी म्हणाली, "तू होतीस ना गं बाहेर?"

"होते ना आई. दारातच होते."

"डॉक्टर म्हणाले, कुणीच नव्हतं."

तिनं ओल्या कापसानं आईचे ओठ टिपले. आईनं पुन्हा विषय काढला नाही. चांगल्या स्वभावाच्या माणसांचं हेच तर वाईट, ती ओरडून मोकळं करत नाहीत.

परत आल्यावर तिनं पहिल्यांदा अर्ज लिहिला. मला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवा, आणि माझ्या जोडीला एक माणूस द्या. कुलसचिवांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"साइटबाई, तुम्हाला कोण शिकवणार? सगळं तुम्हालाच तर येतं."

"सर, मला येत नाही. मी फक्त सांभाळते."

"हा तुमचा मोठेपणा झाला. आणि समजा, तुम्हाला आठ दिवस पाठवलं. ते आठ दिवस साइट कोण बघणार?"

"म्हणूनच तर दुसरा माणूस मागते आहे."

"आणि त्याला शिकवणार कोण? तुम्हीच. म्हणजे तुम्हाला जाता येणार नाहीच." कुलसचिव मनापासून हसले. त्यांना आपण एक कोडं सोडवल्यासारखं वाटलं असावं. अर्जावर त्यांनी लिहिलं, 'पर्यायी व्यवस्था होईपर्यंत प्रलंबित.'

त्यानंतर महिनाभरानं एक तक्रार आली. इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका मुलीची. ती जन्मापासून दृष्टिहीन होती. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरून ती सगळं करायची. पण विद्यापीठाचा अर्ज तिला भरता येत नव्हता. दरवेळी कुणाला तरी शेजारी बसवून आपले गुण, पत्ता, आईवडिलांची माहिती त्याच्यासमोर मोठ्यानं सांगावी लागायची. तिनं लिहिलं होतं, 'मला दया नको, अर्ज हवा आहे.' मुलगी मोठी चिकट. तिनं ती तक्रार विद्यापीठाच्या ज्या ज्या साइटवर जो जो संपर्काचा पत्ता सापडला, त्या सगळ्यांना एकदम पाठवली होती.

साइटबाईंचं लक्ष वरच्या ओळीत गेलं. अकरा पत्ते होते. ग्रंथालय, रसायनशास्त्र, क्रीडा, वसतिगृह, दूरशिक्षण… सतरा वर्षं ती समजत होती की या कामात आपण एकट्या आहोत. आणि याच आवारात, इमारतीसमोरच्या हिरवळीपलीकडं, तिच्यासारखे आणखी दहाजण बसलेले होते.

तिनं पहिला फोन ग्रंथालयात लावला. पलीकडे घाबरलेला आवाज. "तक्रार ना? मी बघतोच आहे मॅडम, मला थोडा वेळ द्या."

"अहो, मी मॅडम नाही. मीसुद्धा तुमच्यासारखीच. मला पण येत नाहीये."

मग तो माणूस म्हणाला, "खरंच?"

त्या 'खरंच'मध्ये इतका आनंद होता की तिला हसू आवरेना.

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ते भूगोल विभागाच्या तळघरात भेटले. तिथं जुने नकाशे गुंडाळून ठेवायची खोली होती आणि तिची किल्ली क्रीडा विभागाची साइट बघणाऱ्या माणसाच्या मेव्हण्याकडे होती. सातजण आले. ग्रंथालयातले ते गृहस्थ, ज्यांना सगळे काका म्हणत. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक उंच, काटकुळा साहाय्यक, ज्याला पोरांनी टेस्टट्यूब नाव ठेवलं होतं आणि त्यानंही ते मुकाट्यानं स्वीकारलं होतं. सगळे डबे उघडून बसले, पण तोंड कुणी उघडेना. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांना येतंय, आपलंच पितळ उघडं पडणार.

शेवटी साइटबाईंनीच लॅपटॉप फिरवला. "ही फाइल. अकरा वर्षं मी वापरते आहे. ही काय करते, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी उपकार मानीन."

टेस्टट्यूब पुढं वाकला. त्यानं चष्मा वर केला, खाली केला. "ताई, ही तर माझ्याकडे पण आहे."

"तुम्ही कुठून आणलीत?"

"तुमच्याच साइटवरून उचलली." तो ओशाळला. "म्हटलं, मुख्य साइट आहे, बरोबरच असणार."

"मी टेस्टट्यूबच्या साइटवरून घेतली," काका म्हणाले.

"मी काकांच्या साइटवरून," वसतिगृहवाली म्हणाली.

आणि मग सगळे जे हसायला लागले ते वरच्या मजल्यावरचा शिपाई काय झालं म्हणून बघायला आला. साइटबाई हसता हसता रडल्या. त्यांनी डोळे पुसले आणि बाकीच्यांनी ते हसण्याचंच पाणी आहे असं समजून घेतलं.

दुसऱ्या मंगळवारी त्यांनी त्या तक्रार करणाऱ्या मुलीलाच बोलावलं. ती काठीनं पायऱ्या मोजत उतरली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आता तुम्ही बघू नका. ऐका." तिनं अर्जाचं पान उघडलं. यंत्राचा सपाट आवाज बोलू लागला: "बटण. बटण. रिकामी चौकट. रिकामी चौकट. बटण." असं तीन मिनिटं चाललं. आपण इतकी वर्षं जपलेलं पान असं ऐकताना साइटबाईंच्या कानशिलांना घाम फुटला, तो एसीच्या झोताची सवय असलेल्या मानेपर्यंत उतरला.

"यातलं 'पाठवा' कुठलं आणि 'रद्द करा' कुठलं, ओळखा बघू," मुलगी म्हणाली. कुणालाच ओळखता येईना. "मलाही नाही. दोनदा मी पूर्ण भरलेला अर्ज रद्द केलाय."

प्रत्येक चौकटीला, प्रत्येक बटणाला नाव द्यायचं होतं. एवढंच. यंत्राला वाचता येईल असं नाव. पण एकाच चुकीची पिलं अकरा साइटांवर पसरलेली, म्हणून सगळ्यांनी मिळूनच ती काढायची होती. टेस्टट्यूबनं ती गूढ फाइल ओळ ओळ करून वाचून काढली. रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची त्याला सवय होती. त्यानं फाइलमधल्या प्रत्येक तुकड्यावर तशीच चिठ्ठी लिहिली, हा काय करतो, याला का हात लावू नये. त्यातला अर्धा भाग तर काहीच करत नव्हता. सहा मंगळवार लागले. सातव्या मंगळवारी त्या मुलीनं एकटीनं अर्ज भरला. यंत्र म्हणालं, "अर्ज पाठवला." तिनं "हं" एवढंच केलं आणि विचारलं, "वसतिगृहाचा कधी करताय?"

आता वाटेल की गोष्ट इथं मार्गी लागली. साइटबाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी काकांना बरोबर घेऊन प्रस्ताव लिहिला. अकराजणांच्या जोड्या कराव्यात, एकजण रजेवर गेला तर दुसऱ्यानं सांभाळावं. आठवड्याचा एक तास कामाच्या वेळेत भेटू द्यावं. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून शिकवावं, तेही आमच्याच साइटा समोर ठेवून. दोन पानांचा प्रस्ताव. कुलसचिवांना फार आवडला. त्यांनी समिती नेमली.

समितीनं चार महिने घेतले. समितीत संगणकशास्त्राचे तेच प्राध्यापक होते आणि ज्यांनी कधी साइट केली आहे असं कुणी नव्हतं. निर्णय असा निघाला: सर्व अकराजणांनी चाळीस तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम घरी पूर्ण करून प्रमाणपत्र सादर करावं. जोड्यांचा विचार 'तूर्त शक्य नाही'. आणि साइटबाईंनी दाखवलेला पुढाकार लक्षात घेऊन त्यांची समन्वयक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. यापुढं अकराही साइटांच्या तक्रारी त्यांच्याकडे याव्यात.

"अभिनंदन!" कुलसचिव म्हणाले.

ती खोलीत येऊन स्वेटर घालून बसली. दाराबाहेर शिपाई नवी पाटी ठोकत होता. प्रत्येक ठोक्याला भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं.

त्याच सुमारास तिनं अर्ज केलेल्या एका शैक्षणिक पुस्तकांच्या संस्थेनं तिला साइटच्या कामासाठी मुलाखतीला बोलावलं. मुलाखतीत तिनं त्या मुलीची गोष्ट सांगितली. तिथं आठजणांचा गट होता. एकीनं तर मुलाखत चालू असतानाच "तुम्ही रजेवर असताना मी बघेन तुमचं" असं सहज म्हणून टाकलं. साइटबाईंना ते वाक्य घरी नेऊन जपून ठेवावंसं वाटलं. नेमणुकीचं पत्र आलं, अट एकच होती. आधीच्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र हवं.

तिचा राजीनामा वाचून कुलसचिव दुखावले. "आत्ता? समन्वयक केल्यावर?"

"सर, मला जायचं आहे."

"जा ना. मी कोण अडवणार? फक्त तुमच्या जागी बसणारा माणूस दाखवा."

तिनं माणूस दाखवला. काका. काकांना तिनं मंगळवारांतून जवळजवळ सगळं शिकवलं होतं आणि काका तयारही होते. पण ग्रंथपाल म्हणाले, आमचा एकमेव माणूस आम्ही सोडणार नाही. मग वसतिगृहवाली. तिच्या अधीक्षकांनीही तेच सांगितलं. प्रत्येकाकडे एकच माणूस होता आणि प्रत्येकानं त्याला धरून ठेवलं होतं. तीन महिन्यांनी पुस्तकांच्या संस्थेनं कळवलं, आम्ही आता थांबू शकत नाही. राजीनाम्यावर शेरा पडला होता, 'पर्यायी व्यवस्था होईपर्यंत'.

"सोडून दे सरळ," नवरा म्हणाला. "उद्यापासून जाऊच नको."

"आणि मग? पत्राशिवाय दुसरीकडे कोण घेणार?"

"निदान झोप तरी लागेल तुला."

"तुझा पंप असा सोडून येशील का तू? शहराचं पाणी बंद पडेल हे माहीत असताना?"

त्यानं तिच्यासमोर चहा ठेवला आणि तिनं तो थंड होईपर्यंत तसाच ठेवला.

पुढच्याच महिन्यात टेस्टट्यूब गेला. त्याला दुसऱ्या शहरात चांगलं काम मिळालं, तेही याच कामातलं. मुलाखतीत त्यानं त्या फाइलवरच्या चिठ्ठ्या दाखवल्या होत्या. रसायनशास्त्र विभागानं त्याला आठ दिवसांत कार्यमुक्त केलं. कागदावर तो प्रयोगशाळा साहाय्यकच होता, साइटचं काम त्याच्या नोंदीत कुठंच नव्हतं. निरोप द्यायला सगळे नकाशांच्या खोलीत जमले.

"ताई, तुमच्यामुळे झालं," तो म्हणाला.

"हो रे बाबा," ती म्हणाली. "पोचलास की फोन कर."

तिला आनंद झाला होता, खोटं नाही. पण जिना चढताना तिला जाणवलं की आपण ज्याला शिकवतो तो जाऊ शकतो, कारण त्याच्या मागं आपण असतो. आपल्या मागं कुणी नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला दम लागला. रसायनशास्त्राच्या साइटची पहिली तक्रार तिच्या टेबलावर येऊन पडली होती.

त्या आठवड्यात तिनं एक गोष्ट केली. मुख्य साइटचे सगळे पासवर्ड एका कागदावर लिहिले. प्रत्येकासमोर तो कशाचा, काय बिघडलं तर काय करायचं, कशाला हात लावायचा नाही आणि का. कागदाची सव्वीस पानं झाली. मंगळवारी तिनं ती काकांना आणि वसतिगृहवालीला दिली, आणि त्यांच्यासमोर दोघांची नावं प्रणालीत घातली. कुणाला विचारलं नाही. बुधवारी कुलसचिवांना कळवलं की मी सोमवारपासून सहा दिवस रजेवर आहे आणि फोन बंद राहील.

"कुणाच्या परवानगीनं दिलेत पासवर्ड?" कुलसचिव पहिल्यांदाच ओरडले.

"माझ्या," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

ती सहा दिवस आईकडे राहिली. साइट एकदा बंद पडली. काकांनी वीस मिनिटांत चालू केली. परत आली तेव्हा टेबलावर कारणे दाखवा नोटीस होती. तिनं उत्तर लिहिलं, साधं, चार ओळींचं. ते उत्तर विचाराधीन असल्याचं तिला कळवण्यात आलं, आणि या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. बढतीची यादी निघाली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. चौकशी सुरू असेपर्यंत नवा राजीनामाही स्वीकारता येत नाही, असं आस्थापना विभागातल्या बाईंनी तिला हळू आवाजात सांगितलं, जणू कुणाच्या आजारपणाची बातमी द्यावी तसं.

ती अजून तिथंच आहे. काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील. नकाशांच्या खोलीत आता नऊजण येतात, त्यातले तिघं नवे. प्रमाणपत्राचा चाळीस तासांचा अभ्यासक्रम सगळ्यांनी मिळून, एकमेकांना उत्तरं सांगत, दीड दिवसात उरकला. गेल्या मंगळवारी क्रीडा विभागाच्या साइटवर स्पर्धांच्या तारखा उलट्या क्रमानं येत होत्या. सगळे त्या एकाच पडद्यात डोकं घालून बसले होते आणि नव्यांतला एकजण फाइल मोठ्यानं वाचत होता. साइटबाईंचा फोन वाजला. त्यांनी कुलसचिवांचं नाव बघितलं, फोन पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "हं, पुन्हा एकदा सुरुवातीपासून वाच."